वायरीखालची हळद

गेल्या आठवड्यात हरीशेठच्या दारात मांडवाचे बांबू उतरले. ट्रॉलीतून एकेक बांबू जमिनीवर पडताना जो पोकळ आवाज होतो, तो ऐकला की आमच्या पाड्यात कुणाला कॅलेंडर बघावं लागत नाही. लगीनसराई आली. डोंगरावरून करवंदांच्या टोपल्या खाली येतात, रस्त्याच्या कडेला ताडगोळेवाले बसतात, मानपाड्याच्या कारखान्यांचा आंबूस वास संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर येतो आणि त्यात कुणाच्या तरी अंगणातल्या ओल्या हळदीचा वास मिसळतो. या दिवसांत बायका एकमेकींच्या गळ्यातल्या सोन्याकडे बघतात. मी वर बघते. गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावरून एक काळी वायर निघते, हरीशेठच्या गच्चीच्या कोपऱ्याला टेकते आणि तिथून माझ्या घराकडे वळते. करंगळीएवढीही जाड नाही. तिच्यावर कावळासुद्धा नीट बसत नाही. मी आधी तिच्याकडे बघते, मग हरीशेठच्या बांबूंकडे, आणि माझं डोकं तापायला लागतं.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. नात्याने तो माझ्या सासऱ्यांचा चुलतभाऊ, गावात मान मोठा. लिहिताना मात्र मला ते जमणार नाही.

आमचा पाडा डोंगराच्या कुशीत आहे, असं फिरायला येणारे म्हणतात. आम्ही म्हणतो, आडोशाला. अंगणात उभं राहिलं की समोर डोंबिवलीकडचे उंच टॉवर दिसतात, त्यांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या टॉवेलांचे रंगसुद्धा ओळखू येतात. पण फोनला रेंज नाही, कारण ती ज्या बाजूने यायची त्याच बाजूला डोंगराची सोंड आडवी पडली आहे. एका कंपनीचा माणूस ठाण्याहून आला होता. फोन हवेत धरून सगळा पाडा फिरला आणि जाताना म्हणाला, मॅडम, हा एरिया रिमोटमध्ये येतो. मी विचारलं, तुम्ही कुठे राहता? त्याने समोरच्या टॉवरकडे बोट केलं. म्हटलं, मग माझ्या घरातून बघितलं तर रिमोट तुम्ही. तो हसला, पाणी प्यायला आणि पुन्हा कधी दिसला नाही.

मला नेट हवं होतं ते सिरियल बघायला नव्हे. मी नऊवाऱ्या शिवते. नेसायच्या नाहीत, चढवायच्या. आमच्या भागात हळदीला नवऱ्याच्या बहिणी, आत्या, मावश्या, माम्या सगळ्या एकाच कापडाच्या, एकाच पिवळ्या रंगाच्या नऊवारीत नाचतात. एक जरी वेगळी दिसली तरी फोटो बिघडला म्हणून रुसवेफुगवे. नेसवणारी बाई एकेकीला किती वेळ देणार? म्हणून शिवलेली नऊवारी. हे मी ओळखलं तेव्हा माझ्याकडे कळव्याहून आणलेलं एक जुनं पायमशीन होतं आणि नवऱ्याच्या कारखान्यातल्या पाळ्या. बाकी काही नव्हतं. आज पडवीत मशिनींची रांग आहे आणि पाड्यातल्या बायका त्यावर बसतात.

माझं माहेर कळव्याचं, खाडीकाठचं. आई मासळी विकायची. टोपली डोक्यावरून उतरवण्याआधी ती गिऱ्हाइकाचा चेहरा बघायची. कोळंबी ताजी आहे की नाही हे गिऱ्हाईक बघतं, आणि गिऱ्हाइकाला घाई आहे की नाही हे मी बघते, असं ती म्हणायची. घाई ज्याची, तो हरला. शाळेत मी जे शिकले ते बरंचसं विसरले. हे विसरले नाही.

तर नऊवाऱ्यांची गिऱ्हाइकं ठाण्याची, कळव्याची, भिवंडीकडची. त्यांना कापड बघायचं असतं, आणि आता कापड बघणं म्हणजे व्हिडिओ कॉल. एका फोनवर पाच-सहा बायका डोकी घालतात, मागून सासू बोलते, त्यात एखादं पोर रडतं. तेव्हा आमच्या पाड्यात रेंज येणारी एकच जागा होती. डोंगराच्या खांद्यावर पाण्याची जुनी टाकी आहे, तिला सिमेंटचा अरुंद जिना, आणि जिन्याच्या मध्यावर दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढा टप्पा. त्या टप्प्यावर रेंज. खाली उतरलं की गेली, वर चढलं तरी गेली. वैशाखाच्या उन्हात मी पिवळ्या कापडाचे तागे खांद्यावर घेऊन तिथे चढायचे आणि एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने पदर उलगडून दाखवायचे. वारा कापड ओढून न्यायचा. पलीकडून आवाज यायचा, ताई, तुम्ही अडकलात, हलत नाही आहात. मी तर वाऱ्यात पताकेसारखी फडफडत असायचे. एकदा कळव्याच्या एका बाईला लिंबाचा पिवळा दाखवला, तिला तो आंब्याचा दिसला, आणि शिवून झाल्यावर भांडण झालं. त्या दिवशी ठरवलं, तार घरापर्यंत आली पाहिजे.

मानपाड्याचा केबलवाला सरळ नाही म्हणाला नाही. म्हणाला, एका घरासाठी एवढी वायर ओढणं परवडत नाही, घरं गोळा करा. त्याला वाटलं, बाई दमून गप्प बसेल. मी घरोघरी गेले. एकाला क्रिकेट, एकीला माहेरच्यांचे चेहरे, एकाला पोराच्या बारावीचे क्लास. ज्याला जे हवं ते त्याच्या ताटात वाढलं आणि घरं गोळा करून केबलवाल्याच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. त्याला वायर ओढावीच लागली.

अडलं ते हरीशेठच्या गच्चीपाशी. खांबावरून वायर आधी त्याच्या गच्चीवर यायला हवी होती, कारण गल्लीच्या तोंडाशी तेवढं उंच घर दुसरं नाही. रस्त्याकडची जमीन विकून त्याने तीन मजली बंगला बांधलाय, फाटकावर दोन सिंह बसवलेत. त्याने अट घातली. ज्या डब्यातून सगळ्या घरांना वायरी जाणार, तो डबा त्याच्या हॉलमध्ये लागेल. मी कबूल झाले. तेव्हा घाई माझी होती.

डबा हॉलमध्ये, देव्हाऱ्याच्या बाजूला लागला. त्याच्यावर हिरवे दिवे लुकलुकायचे आणि हरीशेठ पाहुण्यांना ते दिवे देवाच्या समईसारखे दाखवायचा. नेट त्याने आणलं असं आजूबाजूच्या गावांत झालं. तेही मी गिळलं. न गिळण्यासारखी होती ती त्याची सवय. घरातली सगळी बाहेर निघाली की हरीशेठ मेन स्विच खाली पाडायचा. वडिलांपासूनची शिस्त, वीज वाया जाता कामा नये. आणि लगीनसराईत त्याच्या घरातली सगळी रोज संध्याकाळी बाहेर. कुणाची हळद, कुणाचा साखरपुडा, कुणाच्या नव्या वास्तूचं घर भरणं. नेमकी माझ्या गिऱ्हाइकांची वेळ. गाडीचा हॉर्न वाजायचा, फाटक बंद व्हायचं आणि माझ्या फोनवरची बाई तोंड उघडं ठेवून थिजायची. मी कितीदा सांगितलं, डबा तेवढा चालू ठेवा. तो म्हणायचा, घरात कोन नाय त डबा कोनासाठी जालायचा? त्याच्या लेखी नेट त्याच्या हॉलमध्ये उगवत होतं. टाकीतून पाणी सोडावं तसं तो ते आम्हा सगळ्यांना सोडत होता.

आता ती हळद.

हरीशेठच्या धाकट्याचं, प्रणयचं लग्न होतं. त्या घरच्या करवल्यांच्या नऊवाऱ्या मीच शिवल्या होत्या, केशरी काठाच्या, आणि हे मी मुद्दाम लिहून ठेवते. त्याच संध्याकाळी ठाण्याच्या एका मोठ्या घराशी माझा कॉल ठरला होता. त्यांच्या लग्नात सगळा गोतावळा एका कापडात नाचणार होता. असं काम वर्षातून एकदा येतं, आणि ज्या बाईला ते मिळतं तिचं नाव पुढच्या सराईत सगळीकडे जातं. मी पडवी झाडून घेतली, दिवा नीट लावला, तागे रंगाप्रमाणे मांडले. घरातले सगळे हजर, म्हणून डबा चालू. कॉल लागला. ठाण्याची आजी म्हणाली, जरा तो मोरपिशी काठ जवळ आणा. मी जवळ आणला आणि ती थिजली.

बाहेर आले. डीजेचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा होता. त्याच्यावर स्पीकरची भिंत, माणसावर माणूस उभा केला तरी पुरणार नाही एवढी. दर वर्षी केबलवाला वायर थोडी वर घेतो आणि दर वर्षी ही भिंत तिच्याहून वर जाते. वायर आडवी आली होती. कुणीतरी ट्रकवर चढून कोयत्याने ती तोडली होती, तिची दोन टोकं दोन्हीकडे लोंबत होती आणि ट्रक वाजतगाजत आत आला होता. मी विचारलं, कुणी सांगितलं तोडायला? ट्रकवाल्याने मांडवाकडे मान केली.

मांडवात गेले तेव्हा माझ्या अंगात काय होतं ते मला सांगता येणार नाही. माझ्याच शिवलेल्या नऊवाऱ्या माझ्याभोवती नाचत होत्या. हरीशेठ पांढऱ्या सदऱ्यात उभा होता, गालांवर हळद. मी सगळ्यांसमोर विचारलं, शेठ, वायर का तोडली? त्याने हातातली हळद माझ्या दोन्ही गालांना फासली, प्रेमाने फासतात तशी, आणि हसत म्हणाला, "मंदा, लगीन एकदाच व्हतंय. वायर काय, उंद्या परत जोडता येल."

भोवतालचे हसले. घरचंच शिवणकाम ते, आज नाय त उंद्या, असं कुणीतरी मागून म्हणालं. आवाज कुणाचा ते मला माहीत आहे. त्याचा हिशेब वेगळा.

गालावरची हळद वाळत होती आणि कातडी ओढली जात होती. मी परत फिरले, तेवढ्यात मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गडबड झाली. तिथे मोठा पडदा लावला होता. हरीशेठचा थोरला, नीलेश, मालवाहू जहाजावर आहे. धाकट्या भावाच्या हळदीला येता आलं नाही, म्हणून कॅप्टनकडून तेवढ्यापुरती परवानगी काढून तो पडद्यावर येणार होता. आईने, म्हणजे हिराकाकीने, त्याच्यासाठी पाट मांडून ठेवला होता पडद्यासमोर. धवलारीण, आमच्याकडे जी बाई लग्नाचे विधी गाण्यांतून लावते, ती विचारत होती, सुरू करू का? हिराकाकी म्हणत होती, थांब, माझा निलू येऊ दे. आणि पडदा काळा होता.

हरीशेठ आत जाऊन डब्याकडे बघून आला. डबा चालू होता, विजेचा दिवा जळत होता. डबा माझ्या घरात, दिवा पेटलेला, मग नेट कुठे गेलं, असं तो ज्याला त्याला विचारत होता. त्याने तोडली होती ती वायर त्याच्या समजुतीने त्याच्या घरातून आमच्याकडे जाणारी होती. ती खांबावरून त्याच्याच घराकडे येत होती, हे त्याला सांगायला पाड्यात कुणी धजेना.

मी सांगितलं. शांतपणे सांगितलं, कारण राग आणि आनंद एकाच वेळी आला की माणूस शांत दिसतो.

हिराकाकीने हरीशेठकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्याकडे आली आणि माझा हात धरला. तिचा हात हळदीने ओला होता. "मंदा, तुझी टाकी," ती म्हणाली. "मना ने."

तिच्याशी मी सौदा केला नाही. सून होऊन आले तेव्हा पहिल्या वर्षी मला ताप आला होता, तेव्हा तिने उकड्या तांदळाची पेज भरवली होती. मी तिला घेऊन टाकीवर गेले. ऊन उतरलं होतं, डोंगरावरचा पळस काळा दिसत होता, खालून डीजेचा ठोका पायऱ्यांतून पायात शिरत होता. टप्प्यावर उभं राहून माझ्या फोनवरून नीलेशला लावलं. तो फोनची वाटच बघत होता. पांढऱ्या खोलीत, इस्त्रीच्या शर्टात, एकटा. हिराकाकीने बोट पुढे केलं आणि फोनच्या काचेवर, त्याच्या गालावर, हळद लावली.

तेवढ्यात खालून हरीशेठ चढत आला, धापा टाकत. टप्प्याच्या खालच्या पायरीवर मी उभी होते. जिना अरुंद आहे.

"मंदा, मना पन दोन शब्द बोलू दे पोराशी."

"बोला की," मी म्हटलं. "डबा माझ्या घरी कधी पाठवता?"

समजून घ्यायला त्याला वेळ लागला नाही. तोही आयुष्यभर सौदेच करत आलाय. म्हणाला, तुला वेगळी वायर ओढून देतो. मी नकाराची मान हलवली. म्हणाला, मेन स्विच पाडणार नाही, देवाशपथ. मी जागची हलले नाही. म्हणाला, डबा राहू दे, हॉलची चावी तू ठेव. माझ्या मागे हिराकाकी हसत-रडत विचारत होती, जेवलास कं रं, तिकडं आता दिवस हाय कं रात? हरीशेठ माझ्या खांद्यावरून मान उंच करून बघत होता आणि तरी बोलत होता. त्याला वाटत होतं, अजून थोडं ताणलं तर ही बाई खाली येईल. शेवटी त्याने खांदे पाडले. म्हणाला, ने, ने डबा.

मी बाजूला झाले. फोनवर नीलेश नव्हता. जहाजावरची वेळ संपली होती. काचेवर फक्त पिवळं बोट उमटलेलं होतं.

हिराकाकीने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याशेजारून उतरली, त्याच्यासमोर एक पायरी थांबली आणि म्हणाली, "पोराशी बोलायला आल्ता कं डब्याशी?"

दुसऱ्या दिवशी नवरदेव वरातीला निघण्याआधी ती माझ्या दारात आली. नऊवारी तीच, माझ्या हातची, आणि कडेवर मूल घ्यावं तसा तो डबा. मागे वायरींच्या शेपट्या लोंबत होत्या. हा तुझ्याकडं ऱ्हाऊ दे, म्हणाली, आमच्यात ऱ्हायला त यो परत कापंल. केबलवाल्याने आठवड्याभरात येऊन डबा माझ्या पडवीतल्या भिंतीवर लावला. ठाण्याचं ते काम मात्र गेलं. त्या आजीने दुसरीकडे दिलं, आणि त्यांच्या हळदीचे फोटो मी पाहिले आहेत. काठ मोरपिशी नव्हते, कुठले तरी निळे होते.

माझा नवरा भला माणूस आहे. त्याने मला तेव्हा विचारलं, बापाला पोराशी बोलू दिलं नाहीस, वाईट वाटत नाही का? मी म्हटलं, मी सौदा उघडला, ताणला त्याने. तो म्हणाला, आता सोडून दे. सोडून देणारी माणसं मला आवडतात, त्यांच्याशी व्यवहार सोपा जातो. मी त्यांच्यातली नाही. गालावरची ती हळद मी त्या दिवशी साबणाने धुतली, नंतर बेसनाने धुतली, आणि अजूनही लगीनसराई आली की तिथली कातडी ओढल्यासारखी वाटते. फोनचं कव्हर मी बदललेलं नाही. त्याच्या कडेत पिवळी रेघ आहे, ती हिराकाकीची.

डबा माझ्याकडे आल्यापासून तो कधी बंद झालेला नाही. वीज गेली तर बॅटरी आहे. हिराकाकी रविवारी पडवीत येऊन बसते, घरी नेट असूनही, आणि माझ्या मशिनींच्या आवाजात नीलेशशी बोलते. हरीशेठ कालपर्यंत माझ्या पडवीत चढलेला नव्हता.

आज चढला. त्याच्या मुलीची हळद आहे. नीलेश या वेळीही समुद्रावरच, पडदा याही वेळी लावलाय, आणि डीजेचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा आहे, भिंत आणखी उंच करून. हरीशेठ सुपारी आणि अक्षता घेऊन स्वतः आवतण द्यायला आला. आवतण बायका आधीच देऊन गेल्या होत्या. तो उभाच राहिला, भिंतीवरच्या हिरव्या दिव्यांकडे बघत. मग म्हणाला, मंदा, वायरीचं कसं करायचं?

मी म्हटलं, उचलून धरायची. बांबू तुमच्याकडे आहेतच.

तो म्हणाला, गड्याला सांगतो.

मी म्हटलं, गड्याच्या हातून सटकली आणि तुटली तर? घरचं माणूस पाहिजे.

तर आता हरीशेठ त्याच्या गच्चीच्या कोपऱ्यात उभा आहे. पांढरा सदरा, गालांवर हळद, दोन्ही हातांत मांडवातला सगळ्यात लांब बांबू, आणि बांबूच्या टोकाच्या बेचक्यात माझी वायर. तिकडे मांडवात पाट मांडून हिराकाकी बसली आहे, पडद्यावर नीलेश दिसतोय. बांबू लांब असला की टोकाला जड लागतो. हरीशेठचे हात थरथरतायत, वायर थरथरतेय, आणि खाली सगळा पाडा तोंड वर करून बघतोय. मी गल्लीच्या तोंडाशी आहे. ट्रक सुरू झाला, इंचाइंचाने पुढे आला. स्पीकरची भिंत बरोबर वायरीखाली आली तेव्हा मी हात वर करून त्याला थांबवलं. ड्रायव्हरने काच खाली केली.

दादा, म्हटलं, स्पीकर नीट बांधलेत ना? एकदा खाली उतरून सगळे दोर तपासून घ्या. घाई नाही.